‘सी ऑफ स्टार्स’मध्ये बटण वेळेवर दाबूनही वार हुकतो: दोष कुठे आहे ते कसं शोधायचं

‘सी ऑफ स्टार्स’ हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांकडून एकच तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. गेमचा नायक झेल तलवार चालवतो, ती शत्रूला लागते त्याच क्षणी बटण दाबलं जातं, आणि तरी दुसरा वार पडत नाही. नायिका व्हॅलेरचा मूनरँग (शत्रूवर आपटून परत येणारा, बटण दाबून पुन्हा परतवायचा मारा) दोन उसळ्यांत खाली पडतो. खेळणारा वैतागतो, ‘आपल्याला हे जमणारच नाही’ म्हणतो आणि इतका देखणा गेम अर्ध्यावर सोडून देतो. मित्रांकडे, नातेवाईकांकडे, ओळखीच्या मुलांकडे मी हा दोष बऱ्याचदा सोडवला आहे. बहुतेक ठिकाणी खेळणाऱ्याची बोटं अगदी ठीक असतात. उशीर होत असतो तो बटण आणि पडदा यांच्या मधल्या वाटेत कुठेतरी. ती वाट टप्प्याटप्प्याने कशी तपासायची ते इथे लिहितो आहे, फुकटच्या उपायांपासून सुरुवात करून.

हा गेम उशिराबाबत इतका हळवा का?

कॅनडातल्या क्विबेक सिटीच्या सॅबोटाज स्टुडिओने हा गेम २९ ऑगस्ट २०२३ ला आणला. नायक दोन: सूर्याची शक्ती असलेला झेल आणि चंद्राची शक्ती असलेली व्हॅलेर. गेमचा सगळा बाज १९९० च्या दशकातल्या जपानी रोल-प्लेइंग गेमचा आहे. १९९५ च्या ‘क्रोनो ट्रिगर’चं संगीत देणारे यासुनोरी मित्सुदा यांच्याही काही चाली यात आहेत. वार करताना आणि वार झेलताना नेमक्या क्षणी बटण दाबायची पद्धत मात्र १९९६ च्या ‘सुपर मारिओ आरपीजी’च्या घराण्यातली.

त्या काळचे गेम काचेच्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर खेळले जायचे. कन्सोलमधून सिग्नल निघाला की टीव्ही तो तसाच, ओळीमागून ओळ, काचेवर रंगवत जायचा. चित्र थांबवून, सुधारून मग दाखवायची सोयच त्यात नव्हती, त्यामुळे उशीरही जवळपास नव्हता. आजचा एलईडी टीव्ही आलेलं प्रत्येक चित्र आधी साठवतो, मोठं करतो, कडा धारदार करतो, रंग उजळतो, दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची चित्रं घालतो आणि मग पडद्यावर टाकतो. मालिका किंवा क्रिकेट पाहताना याचा काही त्रास नसतो, कारण आवाजही त्याच हिशेबाने मागे ढकललेला असतो. गेममध्ये मात्र तुम्ही जे बघून बटण दाबता, ते गेमच्या दृष्टीने होऊन गेलेलं असतं.

आकड्यांत सांगायचं तर ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं. टीव्हीने सजावटीत १०० मिलिसेकंद घालवले, तर तुम्ही सहा चित्रं मागे असता. टाइम्ड हिटसाठी, म्हणजे नेमक्या क्षणी बटण दाबून साधायच्या वारासाठी, गेम जी संधी देतो, ती एवढ्या उशिरात सहज निसटते.

यात नुकसान फक्त थोड्या जास्तीच्या इजेचं नाही. शत्रू मोठा हल्ला करण्याआधी त्याच्या डोक्यावर कुलपं दिसतात: तलवार, बोथट मार, सूर्य, चंद्र वगैरे. ठरलेल्या फेऱ्यांत ती फोडली की हल्ला लंगडा पडतो किंवा रद्दच होतो. झेल आणि व्हॅलेर यांचा साधा वार वेळेवर साधला की तो दोनदा लागतो, म्हणजे एका फेरीत दोन कुलपं फुटू शकतात. वेळ सतत चुकत राहिली की कुलपं शिल्लक राहतात, मोठे हल्ले अंगावर येतात, आणि सोपी लढाईसुद्धा अवघड वाटू लागते. ‘हा गेम फारच कठीण आहे’ असं कोणी म्हटलं की म्हणूनच मी आधी टीव्ही कसा जोडलाय ते विचारतो.

लक्षणं

एक-दोन लढाया शांतपणे खेळा आणि खालीलपैकी काय जुळतं ते बघा. पुढचा निम्मा शोध इथेच संपतो.

- वार प्रत्येक वेळी हुकतो, पण जाणूनबुजून थोडं आधी दाबलं की लागतो. म्हणजे उशीर ठरावीक आहे. पहिला संशय टीव्हीवर, नाहीतर मधल्या एखाद्या डब्यावर.
- कधी लागतो, कधी नाही, काही नियमच सापडत नाही. वायरलेस जोडणी, पीसीवर अडखळणारी चित्रं किंवा खुद्द बटण.
- स्विच (निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा कन्सोल) हातात धरून खेळताना सगळं जमतं, डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमध्ये, ठेवून टीव्हीवर खेळताना बिघडतं. संशय टीव्हीवर किंवा वायरलेसवर.
- साधा वार जमतो, मूनरँग जमत नाही. मूनरँग परतवत गेलं की त्याचा वेग वाढत जातो. ठरावीक लयीच्या वाराला हात नकळत उशीर धरून दाबायला शिकतो, पण लय बदलत गेली की ते शिकणं कामाला येत नाही. थोडा, अंगवळणी पडलेला उशीर असलेल्या घरांत हे लक्षण हमखास दिसतं.
- झेलचा सनबॉल (सूर्याच्या शक्तीचा गोळा) भरताना बटण दाबून धरलेलं असतानाच मध्येच सुटतो. इथे टीव्हीचा काही संबंध नाही. बटणाचा संपर्क तुटतो आहे. सरळ बटणाच्या तपासणीकडे जा.
- स्वतःचे वार जमतात, फक्त शत्रूचे वार झेलताना चुकतं. हा बहुतेक वेळा दोष नसतोच. प्रत्येक शत्रूची हालचाल वेगळी असते आणि ती ओळखीची व्हायला वेळ लागतो.
- मेनूतला बाणही बटण दाबल्यावर रेंगाळून हलतो. उशीर मोठा आहे, आणि मोठा उशीर शोधायला सोपा.

आधी गेमलाच विचारा

सुरुवातीलाच मिळणाऱ्या रेलिकांमध्ये, म्हणजे गेममधल्या हवं तेव्हा चालू-बंद करता येणाऱ्या वस्तूंमध्ये, ‘सीक्वेंट फ्लेअर’ नावाचं एक आहे. ते चालू केलं की वेळ बरोबर साधल्यावर पडद्यावर चमक दिसते. लढाई सोपी करणारं हे रेलिक नाही, ते फक्त खूण दाखवतं. ते लावल्याशिवाय पुढची कोणतीही तपासणी करू नका, कारण वार खरोखर साधला की तसं नुसतं वाटलं, हे नुसत्या नजरेने नेहमी कळत नाही.

मग सुरुवातीच्या भागातल्या एखाद्या साध्या शत्रूसमोर झेलचा साधा वार घ्या. हत्यार अंगाला लागतं त्या क्षणी एकदाच बटण दाबा. झेल उडी मारतो तेव्हा दाबायचं नाही, आणि घाईघाईत चार वेळा तर नाहीच. असे बरेच वार करा. मग थोडं आधी दाबून बघा, मग थोडं उशिरा. ‘आधी’ दाबल्यावर चमक नेमाने दिसत असेल, तर उशीर आहे हे पक्कं झालं. नेमक्या क्षणी दाबूनही चमक बऱ्यापैकी दिसत असेल, तर यंत्रणा ठीक आहे. सराव हवा, आणि तो होईल.

कानातलं काढा, आवाज बंद करा

फुकट आणि मिनिटभराची तपासणी. पुष्कळ जण डोळ्यांपेक्षा कानावर विसंबून बटण दाबतात आणि हे त्यांच्या लक्षातही येत नाही. ब्लूटूथ इयरफोनमध्ये आवाज १०० ते २०० मिलिसेकंद, कधी त्याहूनही उशिरा पोचतो. चित्र वेळेवर आणि आवाज मागून, अशा वेळी हात आवाजाच्या मागे जातो.

टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून त्याच शत्रूशी लढा. आवाजाविना नेम सुधारला तर दोषी सापडला. वायरचे इयरफोन लावा किंवा टीव्हीचेच स्पीकर वापरा. ब्लूटूथने जोडलेल्या साउंडबारलाही हेच लागू.

स्विचवर आणखी एक गोष्ट आहे. त्यावर ब्लूटूथ ऑडिओची सोय २०२१ मध्ये अपडेटने आली, आणि ती चालू असताना दोनच वायरलेस कंट्रोलर जोडता येतात. २०२४ च्या अपडेटनंतर हा गेम तिघांना एकत्र खेळता येतो. तिसरा कंट्रोलर जोडला जात नसेल तर आधी कोणाच्या कानात काय आहे ते बघा.

टीव्ही बाजूला ठेवून खेळा

माझ्या मते ही सगळ्यात मोलाची तपासणी आहे आणि नेमकी हीच लोक टाळतात. स्विच किंवा स्टीम डेक असेल तर तो हातात घेऊन त्याच शत्रूशी लढा. पीसी किंवा दुसरा कन्सोल असेल तर टीव्हीऐवजी साधा कॉम्प्युटर मॉनिटर लावा. शेजाऱ्याकडून तासाभरासाठी आणला तरी चालेल.

स्विचवाल्यांनी इथे एक बारकावा लक्षात ठेवायचा. जॉय-कॉन (स्विचच्या दोन बाजूंचे सुटे होणारे कंट्रोलर) स्विचला लावलेले असतात तेव्हा ते कडेच्या पट्टीतून थेट बोलतात, वायरलेस नसतात. म्हणजे हातात धरून खेळताना टीव्ही आणि वायरलेस हे दोन्ही संशयित एकदम बाहेर जातात. सगळं ठीक झालं तरी दोषी कोण ते कळत नाही. म्हणून लगेच दुसरी पायरी करा: स्विच टेबलावर उभा करा, जॉय-कॉन काढून हातात घ्या आणि त्याच्याच पडद्यावर बघत खेळा. आता वायरलेस आहे, टीव्ही नाही. इथेही ठीक चाललं तर दोष टीव्हीकडच्या बाजूला. इथे बिघडलं तर कंट्रोलरच्या भागाकडे जा.

हे झाल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. महागडी एचडीएमआय केबल तर मुळीच घेऊ नका. केबल खराब असेल तर चित्र जातं, पडदा काळा होतो, ठिपके चमकतात. पण ती चित्राला उशीर करत नाही. या दुखण्यासाठी विकत घेतलेल्या नव्या केबली मी बऱ्याच घरांत पाहिल्या आहेत आणि एकीनेही फरक पडलेला नाही.

टीव्हीचा गेम मोड

दोष टीव्हीकडे निघाला तर तो बहुतेक इथेच मिटतो. गेम मोड म्हणजे टीव्हीला दिलेली ‘सजावट सोड, चित्र आलं तसं दाखव’ ही सूचना. ज्या टीव्हीवर सिनेमाच्या मोडमध्ये १०० मिलिसेकंदांच्या आसपास उशीर असतो, तोच चांगला टीव्ही गेम मोडमध्ये २० च्या खाली येऊ शकतो.

प्रत्येक कंपनीने तो वेगळ्या जागी ठेवलाय. सोनीच्या टीव्हीवर तो पिक्चर मोडच्या यादीत ‘गेम’ म्हणून असतो. एलजीच्या अलीकडच्या टीव्हीवर ‘गेम ऑप्टिमायझर’. सॅमसंगच्या बऱ्याच टीव्हींवर पिक्चरच्या यादीत तो सापडतच नाही, कारण तो ‘जनरल’ विभागात, बाहेरच्या उपकरणांच्या मेनूत असतो. स्वस्तातल्या काही अँड्रॉइड टीव्हींवर गेम मोड नावाचं काहीच नसतं. तिथे एचडीएमआय इनपुटचं नाव बदलून ‘पीसी’ करून बघा. काही टीव्ही पीसीचं चित्र आहे असं समजून बरीचशी सजावट आपोआप सोडतात.

‘मी लावलाय गेम मोड, तरी तसंच आहे’ असं ऐकलं की मी पुढच्या गोष्टी बघतो.

पहिली म्हणजे पोर्ट. पुष्कळ टीव्हींवर पिक्चर मोड प्रत्येक एचडीएमआय पोर्टचा वेगळा असतो. तुम्ही सेट-टॉप बॉक्स चालू असताना गेम मोड लावला असेल, तर तो सेट-टॉप बॉक्सला लागलाय. गेम पडद्यावर चालू असतानाच सेटिंग उघडा.

दुसरी म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी सोय. मोशन स्मूदिंग, ट्रू मोशन, मोशन फ्लो, अशी तिची नावं. दोन चित्रांच्या मधलं चित्र बनवायला टीव्हीला पुढचं चित्र येईपर्यंत थांबावंच लागतं, त्यामुळे ही सोय आणि कमी उशीर सहसा एकत्र नांदत नाहीत. काही टीव्ही गेम मोडमध्येही ती चालू ठेवू देतात. ती बंद करा. नॉइज रिडक्शन आणि आपोआप कमी-जास्त होणारा उजेडही बंद करा. हा गेम ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवलेला आहे. नॉइज रिडक्शन त्या ठिपक्यांनाच कचरा समजून पुसट करतं. ते बंद केल्यावर चित्र आधीपेक्षा सुंदर दिसतं.

तिसरी गोष्ट, सेटिंग परत फिरणं. टीव्हीचं अपडेट झाल्यावर, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी चित्र फिकं दिसतंय म्हणून ‘व्हिव्हिड’ लावल्यावर, दोष परत येतो. महिनाभर ठीक चाललेलं एकदम बिघडलं तर कंट्रोलरला दोष देण्याआधी हे बघा. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स, टीव्हीने साथ दिली तर, गेम मोड आपोआप लावायला सांगू शकतात. दोन्हीकडची ती सेटिंग चालू हवी. बाकीच्यांनी हाताने लावायचा.

मधले डबे

कन्सोल आणि टीव्ही यांच्यामध्ये काय काय आहे ते टीव्हीच्या मागे वाकून बघा. एका पोर्टवर तीन उपकरणं चालवणारा स्विचर, होम थिएटरचा रिसीव्हर, साउंडबार, व्हिडिओ रेकॉर्ड करणारं कॅप्चर कार्ड. साधा स्विचर सहसा निरुपद्रवी असतो. रिसीव्हर चित्रात स्वतःची सुधारणा करत असेल तर उशीर वाढतो. सगळं काढून कन्सोल थेट टीव्हीला लावा आणि परत खेळा. फरक पडला तर एकेक डबा परत जोडत जा; ज्याने बिघडेल तो सापडला.

माळ्यावर ठेवलेला जुना ट्यूबचा टीव्ही काढून, एचडीएमआयचं रूपांतर करणारी छोटी डबी लावून खेळायची कल्पना काहींना सुचते. कारण मी वर सांगितलं तेच: जुन्या टीव्हीत उशीर नाही. पण ती डबी चित्र लहान करताना स्वतः वेळ खाऊ शकते, आणि मेनूतली अक्षरंही वाचता येईनाशी होतात. या दुखण्यावर हा उपाय मी सुचवत नाही.

कंट्रोलर आणि हवा

अनियमित चुका होत असतील तर इकडे बघायचं.

बॅटरी पूर्ण भरा. मग शक्य असेल तर कंट्रोलर वायरने जोडा. स्विचच्या प्रो कंट्रोलरला नुसती केबल लावून भागत नाही, कारण ती फक्त चार्ज करते. सेटिंगमध्ये कंट्रोलर आणि सेन्सरच्या विभागात वायर्ड कम्युनिकेशनची सोय वेगळी चालू करावी लागते. ती नसेल तर केबल लावूनही तुम्ही वायरलेसच खेळत असता आणि ‘वायर लावूनही फरक नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

वायरनेच ठीक झालं तर दोष हवेत आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, घरातलं जुनं वाय-फायही तिथेच असतं, आणि यूएसबी ३ ची उपकरणं त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. टीव्हीच्या लाकडी कपाटात, राउटरला खेटून, मागे बाहेरची हार्ड डिस्क लावलेला स्विच, ही मांडणी मी बऱ्याच दिवाणखान्यांत पाहिली आहे. कन्सोल कपाटाबाहेर काढा, राउटर दोन हात लांब न्या. पीसीवर कंट्रोलरचा डोंगल (यूएसबीला लावायचा वायरलेस तुकडा) कॅबिनेटच्या मागे असेल तर पुढच्या पोर्टला लावा किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरने बाहेर आणा. पत्र्याचा कॅबिनेट मध्ये असल्यावर सिग्नल अडखळणारच.

घरात दोघं आळीपाळीने खेळत असतील तर एक चांगली युक्ती आहे: कंट्रोलरांची अदलाबदल करा. चुका कंट्रोलरबरोबर गेल्या तर कंट्रोलर, माणसाबरोबर राहिल्या तर सराव, दोघांच्याही झाल्या तर टीव्ही.

पीसीवर खेळत असाल तर

हा गेम जड नाही, त्यामुळे दोष ताकदीचा क्वचितच असतो. लॅपटॉप चार्जरवर आहे ना ते बघा, कारण बॅटरीवर तो स्वतःला हळू करतो. व्ही-सिंक (गेमची चित्रं पडद्याच्या वेगाशी जुळवणारी सोय) चालू असताना चित्रं रांगेत थांबतात आणि उशीर वाढू शकतो. ते बंद करून बघा. चित्र फाटल्यासारखं दिसलं आणि ते तुम्हाला चालणारं नसेल तर परत लावा. गेम पूर्ण पडद्यावर चालवा. मागे चालू असलेली रेकॉर्डिंगची आणि वर तरंगणारी सॉफ्टवेअरं बंद करा.

एका खोलीतल्या पीसीवरून दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर वाय-फायने गेम पाठवून खेळत असाल, तर बाकी सगळं विसरा, उशीर तिथेच आहे. निदान पीसी तरी राउटरला वायरने जोडा. तेवढ्याने पुरेसं सुधारलं नाही तर पीसीसमोर बसून खेळणं हाच इलाज.

मोबाइलने उशीर मोजा

इथवर सगळं करूनही शंका उरली तर अंदाज सोडून मोजणी करा. आजकालच्या पुष्कळ मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रांचं स्लो मोशन असतं. कंट्रोलर पडद्यासमोर असा धरा की बटणावरचा अंगठा आणि गेमचा मेनू दोन्ही एकाच चौकटीत येतील. दिशेचं बटण ठसक्यात दाबा आणि मेनूतला बाण हलू द्या. लढाई यासाठी वापरू नका, कारण तिथे हालचालीची सुरुवात कुठे झाली ते नक्की ठरवता येत नाही.

मग व्हिडिओ एकेक चित्र पुढे नेत मोजा. बटण पूर्ण दबलेलं चित्र आणि बाण हललेलं चित्र यांच्या मध्ये जितकी चित्रं, तितके गुणिले ४.२ मिलिसेकंद. दरवेळी आकडा थोडा वेगळा येतो, म्हणून पाच-सहा वेळा मोजून सरासरी घ्या.

एकट्या आकड्याला अर्थ नाही, कारण त्यात गेमचा स्वतःचा वेळही आहे. तुलना करा. स्विच टेबलावर ठेवून एकदा आणि टीव्हीवर एकदा, दोन्ही वेळा तोच कंट्रोलर सुट्टा धरून. दोन आकड्यांतला फरक हा साधारणपणे टीव्हीचा वाटा. तो २० ते ३० मिलिसेकंद असेल तर हात सवयीने जुळवून घेतो. गेम मोड लावूनही तो १०० च्या आसपास राहत असेल तर तो टीव्ही या कामाचा नाही. तेव्हा साधा मॉनिटर हा सगळ्यात सरळ उपाय, नव्या टीव्हीपेक्षा कितीतरी स्वस्त.

बटण

सनबॉल मध्येच सुटणं, एकदा दाबून दोनदा लागणं, जोर दिला तरच चालणं: ही बटणाची लक्षणं. स्विचच्या सेटिंगमध्ये इनपुट उपकरणं तपासायची सोय आहे, तिथे बटण दाबून धरा आणि खूण स्थिर राहते का बघा. विंडोजवर गेम कंट्रोलरांच्या खिडकीत हेच करता येतं. बटण किंचित तिरकंही दाबून बघा, कारण खेळताना अंगठा सरळ खाली कधीच जात नाही.

बहुतेक कंट्रोलरांच्या बटणाखाली रबराची टोपी असते आणि तिच्या पोटातली काळी टिकली खालच्या पट्ट्यांना टेकते. घाम, चिवड्याचं तेल आणि धूळ यांचा थर तिथे बसतो. पहिला इलाज न उघडता: कंट्रोलर बंद करा, कान साफ करायचा कापसाचा इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पिळून घ्या, बटणाच्या कडेने फिरवा, बटण बऱ्याचदा दाबा, पूर्ण वाळू द्या. डब्ल्यूडी-४०, सेंट किंवा सॅनिटायझर वापरू नका. त्यांतलं तेल आणि सुगंधी द्रव्य मागे राहतं आणि पुन्हा धूळ धरतं.

उघडण्याआधी वॉरंटी आहे का ते बघा. असेल तर उघडू नका. नसेल आणि यूएसबी वायरचा साधा कंट्रोलर असेल तर उघडणं अवघड नाही: टोपी आणि पट्ट्या अल्कोहोलने पुसा, टिकली नखाने खरवडू नका. जॉय-कॉनला तीन पात्यांचे स्क्रू असतात. त्यासाठी वेगळा स्क्रू-ड्रायव्हर लागतो. साध्या पेचकसाने रेटलं तर स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग तो दुकानदारालाही निघत नाही.

इथे थांबा

टीव्हीचं मागचं झाकण कोणत्याही कारणाने उघडू नका. उशीर त्याच्या चित्र हाताळणाऱ्या चिपमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये होतो. आत हाताने सुधारण्यासारखं काही नाही. २३० व्होल्टचा वीजपुरवठा आत जाऊन ३०० व्होल्टच्या वर चढतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ राहतो. ट्यूबच्या रंगीत टीव्हीत तर ट्यूबला २० हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि तो बंद टीव्हीतही उरलेला असू शकतो. यात जीव जाऊ शकतो.

कंट्रोलर फुगलेला दिसला, झाकणाची फट वाढली किंवा चार्जिंगला अंगभर गरम झाला, तर चार्जर काढा आणि तो परत लावू नका. आतली लिथियम बॅटरी बिघडली आहे. तिला टोचू नका, दाबू नका. ती कारागिराकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

जॉय-कॉन उघडल्यावर आतल्या कागदासारख्या पातळ पट्ट्या दिसल्या आणि पुढे हात घालायचा धीर होत नसेल, तर तो न घालणंच बरोबर. त्या पट्ट्यांची पकड उलट्या बाजूने उचलली की तुटते आणि पन्नास रुपयांच्या कामाचं रूपांतर नव्या कंट्रोलरच्या खर्चात होतं. आपल्याकडे स्विच बहुतेक ग्रे मार्केटमधून, म्हणजे कंपनीच्या अधिकृत विक्रीबाहेरून, आलेला असतो, त्यामुळे कंपनीच्या सेवा केंद्राचा आधार धरता येत नाही. कन्सोल दुरुस्त करणारा माणूस शोधा. मोबाइलच्या दुकानात द्यायचा असेल तर त्याने आधी जॉय-कॉन उघडला आहे का ते विचारून घ्या.

टीव्हीच्या कंपनीला फोन करायचा तो दोनच कारणांसाठी: गेम मोड लावला की पडदा काळा होतो किंवा चित्र फाटतं, अथवा एखाद्या अपडेटनंतर मोजलेला उशीर वाढला आहे. फोनवर ‘गेम अडकतो’ असं सांगू नका. तसं सांगितलं की तुम्हाला कन्सोल बदलायचा सल्ला मिळेल. मॉडेल क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती, कोणत्या एचडीएमआय पोर्टला लावलंय, गेम मोडसह आणि गेम मोडशिवाय किती मिलिसेकंद आले, आणि तोच कन्सोल दुसऱ्या पडद्यावर ठीक चालतो, एवढं कागदावर लिहून ठेवून वाचून दाखवा. तंत्रज्ञ घरी आला तर त्याच्यासमोर स्लो मोशनचा व्हिडिओ लावा.